खेळण्यांच्या फळीवरची पाटी उतरवताना : ‘मुलग्यांची’ आणि ‘मुलींची’ खेळणी या विभागणीविरुद्ध मोहीम कशी चालवावी

खेळण्यांच्या दुकानात एका बाजूला निळ्या-काळ्या खोक्यांची रांग आणि दुसऱ्या बाजूला गुलाबी-जांभळ्या खोक्यांची रांग मांडलेली असते, तेव्हा अजून अक्षरओळखही न झालेल्या मुलाला आपण कोणत्या बाजूला जायचे हे लगेच समजते. त्या रांगेत काय आहे, ते आपल्याला आवडेल का, हे प्रश्न त्याच्या मनात येण्याआधीच निम्मे दुकान त्याच्यासाठी बंद झालेले असते. ज्यांना हे खटकते आणि त्याबाबत काही करावेसे वाटते, अशा पालकांसाठी, शिक्षकांसाठी आणि गटांसाठी हा लेख लिहिला आहे.

कामाला लागण्यापूर्वी आपला आक्षेप नेमका कशावर आहे, हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. १९८६ साली प्रसिद्ध झालेला मानसशास्त्रातील एक प्रयोग यासाठी उपयोगी पडतो. चार ते नऊ वर्षे वयाच्या मुलामुलींसमोर त्यांच्या ओळखीच्या नसलेल्या वस्तू ठेवल्या होत्या आणि त्यांतल्या काही ‘मुलग्यांसाठी’, काही ‘मुलींसाठी’ तर काही ‘दोघांसाठी’ असल्याचे सांगितले होते. ज्या वस्तूंवर दुसऱ्यांचे नाव होते त्या मुलांनी कमी हाताळल्या, आणि आठवड्यानंतर विचारले तेव्हा त्यांच्याविषयीचे तपशीलही त्यांना कमी आठवले. वस्तूत काहीही फरक केलेला नव्हता. फरक होता तो केवळ तिच्यावर लावलेल्या नावाचा. म्हणून मोहिमेचा रोख खेळण्यावर, रंगावर किंवा मुलांच्या आवडीवर न ठेवता त्या नावावर, त्या पाटीवर ठेवावा. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे.

मागणी ठरवणे

मोहिमा फसतात त्या बहुधा मागणी मोघम असल्यामुळे. ‘लिंगभेद थांबवा’ असे पत्र दुकानाच्या व्यवस्थापकाला मिळाले, तर उद्या सकाळी आपण नेमके काय करायचे हे त्याला कळत नाही आणि पत्र बाजूला पडते. याउलट, ‘तिसऱ्या ओळीवरची “मुलग्यांची खेळणी” ही पाटी काढून तिथे “वाहने आणि बांधणीचे संच” अशी पाटी लावावी’ ही मागणी एका संध्याकाळी पूर्ण होऊ शकते.

पाटी, खोके आणि जाहिरात ही या कामाची तीन ठिकाणे आहेत, आणि ती याच क्रमाने अवघड होत जातात. दुकानातली पाटी किंवा संकेतस्थळावरचा फिल्टर (यादीतून ठरावीक गटाच्याच वस्तू दाखवणारी सोय) बदलायला फारसा खर्च येत नाही. खोक्यावरचे चित्र बदलायचे, तर उत्पादकाला पुढच्या छपाईची वाट पाहावी लागते. जाहिरात बदलण्यासाठी कंपनीला आपला ग्राहक कोण, याविषयीची समजूतच बदलावी लागते. नव्या गटाने पाटीपासून सुरुवात करावी. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये काही पालकांनी मिळून ‘लेट टॉइज बी टॉइज’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा त्यांनी दुकानदारांकडे हीच मर्यादित मागणी केली होती : मुलगा-मुलगी अशा पाट्या काढाव्यात आणि खेळणी विषयानुसार व प्रकारानुसार मांडावीत. पाठोपाठ अनेक मोठ्या साखळी दुकानांनी ते मान्य केले.

काय मागायचे नाही, हेही लिहून ठेवावे. गुलाबी रंगावर बंदी, बाहुल्या हटवणे किंवा मोटारी मुलींच्या हाती बळेच देणे, यांपैकी काहीही आपल्याला नको आहे. पण आपण हे स्पष्ट सांगितले नाही, तर आपल्याला हेच हवे आहे असे लोक धरून चालतात. मागणीचे शब्द किती काळजीपूर्वक निवडावे लागतात, हे कॅलिफोर्नियाच्या कायद्यावरून दिसते. २०२१ मध्ये मंजूर झालेला आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेला हा कायदा राज्यात ५०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मोठ्या दुकानांना लागू होतो. मुलगा-मुलगी असा भेद न करता खेळणी मांडलेला एक विभाग त्यांनी ठेवावा, एवढेच त्यात म्हटले आहे. जुने वेगळे विभाग बंद करण्याची सक्ती त्यात नाही. माझ्या मते हा तोडगा अपुरा आहे, कारण ‘सर्वांसाठी’ असा तिसरा कोपरा तयार झाला तरी पहिल्या दोन पाट्या जागच्या जागी राहू शकतात. आपली मागणी पाटी काढण्याचीच असावी. आणखी एक पाटी लावण्याची नसावी.

मोजणी करणे

तक्रारीला ‘हे तुमचे मत झाले’ असे उत्तर मिळते. मोजणीला तसे उत्तर देता येत नाही, म्हणून मोजणीवर सर्वांत जास्त वेळ खर्च करावा.

आधी एक तक्ता आखावा. त्यात दुकानाचे किंवा संकेतस्थळाचे नाव, तारीख, पाटीवरचे शब्द जसेच्या तसे, त्या पाटीखालील खेळण्यांचे प्रकार, खोक्याचा मुख्य रंग, चित्रात कोण दिसते आणि ती व्यक्ती काय करते, असे रकाने ठेवावेत. एकाच रांगेची मोजणी दोघांनी स्वतंत्रपणे करावी आणि नंतर आकडे ताडून पाहावेत. दोघांच्या आकड्यांत मोठी तफावत आली, तर आपले निकष संदिग्ध आहेत असे समजून ते सुधारावेत. सर्व खोकी मोजणे शक्य नसेल, तर डोळ्यांच्या उंचीवरची फळी निवडावी, आणि ही निवड अहवालात नमूद करावी. आपल्याला सोयीची खोकी वेचून घेतल्याचे एकदा उघड झाले, की खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

‘काय करते’ हा रकाना का महत्त्वाचा आहे, हे एका खोक्यावरून पाहू. समजा, सूक्ष्मदर्शकाच्या खोक्यावर एक मुलगा भिंगाला डोळा लावून बसला आहे, त्याचा हात चक्रीवर आहे, आणि त्याच्या खांद्यामागे उभी असलेली मुलगी गालांवर हात ठेवून आश्चर्याने पाहत आहे. केवळ डोकी मोजली, तर ‘मुलगा १, मुलगी १’ अशी नोंद होते आणि खोके अगदी समतोल ठरते. कोणाचा हात उपकरणावर आहे आणि कोण नुसते पाहत आहे, हे लिहिले की खरे चित्र समोर येते. भातुकलीच्या संचाबाबतही हेच करावे : चित्रात मुलगा असेल, तर तो ढवळतो आहे, वाढतो आहे, की ताट समोर घेऊन खाणारा म्हणून बसला आहे? खोक्यावरची क्रियापदेही टिपून घ्यावीत. एका बाजूला ‘जिंका’, ‘बांधा’, ‘धावा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘सजवा’, ‘सांभाळा’, ‘नटवा’ असे शब्द एकाखाली एक लिहिलेले पाहिले, की वाचणाऱ्याला फार समजावून सांगावे लागत नाही.

संकेतस्थळांची तपासणी निराळ्या रीतीने करावी लागते. तिथे पाटीचे काम फिल्टर करतो. शिवाय विक्रेते शोधात वर येण्यासाठी खेळण्याच्या नावातच ‘मुलग्यांसाठी’ किंवा ‘मुलींसाठी’ हे शब्द घालतात. म्हणून मुख्य यादी, फिल्टर, खेळण्यांची नावे आणि शोधाच्या चौकटीत आपोआप सुचणारे शब्द, या चारही गोष्टींचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्यावेत. एकच खेळणे दोन्ही फिल्टरमध्ये दिसते की एकाच, हेही तपासावे. ‘मुलग्यांसाठी’ हा फिल्टर लावल्यावर विज्ञानाचे किती संच दिसतात आणि ‘मुलींसाठी’ हा लावल्यावर किती, हा एकच आकडा बहुतेक वेळा पुरेसा बोलका असतो. ब्रिटनमधील अभियंत्यांच्या आयईटी या संस्थेने २०१६ मध्ये अशीच पाहणी केली होती, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाची खेळणी मुलींच्या तुलनेत मुलग्यांना उद्देशून विकली जाण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट असल्याचे तिने मांडले होते.

छायाचित्र घेताना पाटी वाचता येईल आणि तिच्याखालचा मालही दिसेल, असा कोन निवडावा. कोणाचेही मूल किंवा दुकानातील कर्मचारी चित्रात येऊ देऊ नये. २०१५ च्या जून महिन्यात अमेरिकेतील एका आईने टार्गेट या साखळी दुकानातील पाटीचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकले. त्या पाटीवर एका ओळीत ‘बांधणीचे संच’ आणि दुसऱ्या ओळीत ‘मुलींचे बांधणीचे संच’ असे लिहिलेले होते. म्हणजे मूळ संच मुलग्यांचे हे गृहीतच होते, आणि मुलींसाठी वेगळी सोय केली होती. त्या चित्राला लांबलचक स्पष्टीकरणाची गरज पडली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने खेळण्यांच्या विभागातून अशा पाट्या काढण्याचे जाहीर केले.

कोणाशी बोलायचे

फळीजवळ उभ्या असलेल्या विक्रेत्यावर राग काढू नये. त्याच्या हाती काहीच नसते. साखळी दुकानांत कोणते खोके कोणत्या फळीवर ठेवायचे, याचा आराखडा मुख्य कार्यालयातून येतो, आणि पाट्याही तिथूनच छापून येतात. त्यामुळे तिथे खेळण्यांची खरेदी पाहणारे अधिकारी आणि ग्राहकसेवा विभाग, या दोघांना एकाच वेळी लिहावे. एकट्या मालकाच्या लहान दुकानात मात्र सरळ मालकाशी, गिऱ्हाइकांची गर्दी नसताना, शांतपणे बोलावे; पुष्कळदा पाटी कोणी आणि का लावली, हे त्यालाही आठवत नसते. खोक्यावरच्या चित्राची तक्रार दुकानदाराकडे नेण्यात अर्थ नाही, ती उत्पादकाकडे जावी.

वेळेचेही भान ठेवावे. सणासुदीच्या विक्रीसाठी मागणी नोंदवणे, कॅटलॉगची छायाचित्रे काढणे आणि पाट्या छापणे ही कामे कित्येक महिने आधी उरकलेली असतात. ऐन हंगामात लिहिलेल्या पत्राने पाटी निघू शकेल, पण कॅटलॉग बदलणार नाही. त्यासाठी हंगाम संपताच, पुढच्या वर्षाची आखणी सुरू होण्याआधी लिहावे.

पत्र एका पानाचे असावे, त्यात एकच मागणी असावी आणि उत्तराची मुदत दिलेली असावी. नमुना असा :

“महोदय/महोदया, आम्ही आपल्या दुकानाचे नियमित ग्राहक आहोत. अमुक तारखेला आपल्या खेळणी विभागातील चार ओळींची आम्ही पाहणी केली. ‘मुलग्यांसाठी’ या पाटीखाली विज्ञानाचे आणि बांधणीचे सर्व संच होते, तर ‘मुलींसाठी’ या पाटीखाली त्यांपैकी एकही नव्हता. बाहुल्या आणि भातुकलीचे संच केवळ दुसऱ्या पाटीखाली होते. तक्ता आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. ही सर्व खेळणी आपण विकत राहावीत, अशीच आमची इच्छा आहे. फक्त या दोन पाट्या काढून त्या जागी ‘विज्ञान’, ‘बांधणी’, ‘बाहुल्या आणि घर’, ‘वाहने’ अशा पाट्या लावाव्यात, ही विनंती. त्यामुळे ग्राहकाला हवी ती वस्तू लवकर सापडेल. आपला निर्णय चार आठवड्यांत कळवावा. प्रत्यक्ष भेटून बोलण्यासही आम्ही तयार आहोत.”

यातील ‘खेळणी विकत राहावीत’ हे वाक्य गाळू नये. आपण त्याच्या धंद्यावर उठलेलो नाही हे कळले, की समोरच्याचे ऐकण्याचे मन होते.

जाहीरपणे बोलणे

मुदत उलटली किंवा ठोकळेबाज उत्तर आले, तरच जाहीरपणे बोलावे. तेव्हाही आधी पत्र पाठवले होते, हे तारखेसह सांगावे. २०१३ मध्ये ब्रिटनमधील बूट्स या साखळी दुकानात विज्ञान संग्रहालयाच्या नावाची खेळणी ‘मुलगे’ या पाटीखाली ठेवल्याचे ग्राहकांनी समाजमाध्यमांवर दाखवून दिले, तेव्हा कंपनीने दिलगिरी व्यक्त करून पाट्या काढल्या. चूक एका दृष्टिक्षेपात दिसणारी होती आणि मागणी पूर्ण करण्याजोगी होती, म्हणून ते घडले.

सह्यांच्या मोहिमेला एखाद्या खऱ्या मुलाची गोष्ट मिळाली, की ती लोकांपर्यंत पोहोचते. २०१२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या एका १३ वर्षांच्या मुलीने हॅस्ब्रो कंपनीच्या खेळण्यातल्या भट्टीविषयी निवेदन तयार केले. तिच्या चार वर्षांच्या भावाला स्वयंपाकाची आवड होती, पण भट्टीच्या रंगावरून आणि जाहिरातींवरून ती मुलींचीच असल्याचे दिसत होते. निवेदनावर ४०,००० पेक्षा जास्त सह्या झाल्या, आणि काळ्या, रुपेरी व निळ्या रंगांतील भट्टी आणत असल्याचे कंपनीने सांगितले. आपल्या गटातील मुलाची गोष्ट अशी मांडायची असेल, तर त्याचे नाव, शाळा आणि चेहरा उघड करू नये. आज अभिमानाने सांगितलेली गोष्ट उद्या त्याच्या वर्गात चेष्टेचा विषय होऊ शकते.

या चेष्टेविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण बहुतेक मोहिमा इथे निम्म्यावर थांबतात. ‘मुलींना विज्ञानाची खेळणी द्या’ हे म्हणणे लोकांना लवकर पटते, पण मुलग्याच्या हाती बाहुली द्यायला मन कचरते. लेगो कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत सात देशांतील सुमारे ७,००० पालक आणि मुले सहभागी होती. मुलींची समजली जाणारी खेळणी खेळल्यास आपल्याला हसतील, अशी भीती ७१ टक्के मुलग्यांनी बोलून दाखवली होती. बाळाला जोजवणे, भरवणे, समजूत घालणे हे बाहुलीशी खेळताना अंगी येते, आणि ते मुलग्यांपासून हिरावून घेणे हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. म्हणून पत्रात, छायाचित्रांत आणि सभेत दोन्ही बाजूंची उदाहरणे समप्रमाणात द्यावीत.

एका फसव्या उत्तरापासूनही सावध राहावे. तक्रार आली की काही कंपन्या तेच उपकरण गुलाबी रंगात, ‘मुलींसाठी’ म्हणून बाजारात आणतात. त्याने पाटी आणखी घट्ट होते : आधीचे उपकरण आता अधिकृतपणे मुलग्यांचे ठरते. शिवाय भावाची सायकल बहिणीला चालत नाही असे एकदा ठरले, की घरात एकाऐवजी दोन घ्याव्या लागतात, आणि यात लाभ कोणाचा हे सांगायला नको.

आक्षेपांना उत्तर देणे

‘आवड उपजतच असते’ हा आक्षेप सर्वांत आधी येतो. या वादात शिरू नये. मुलगे आणि मुली यांच्या खेळण्यांच्या पसंतीत सरासरी फरक अनेक अभ्यासांत दिसतो, आणि तो कितपत जन्मजात, कितपत शिकवलेला, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. आपले उत्तर सोपे आहे : आवड उपजत असेल, तर तिला पाटीची गरज नाही, ज्याला मोटार हवी तो ‘वाहने’ या पाटीखालीही ती शोधून काढेल. पाटीमुळे अडते ते ज्याची आवड सरासरीपेक्षा वेगळी आहे त्याचे.

‘पूर्वीपासून असेच चालत आले आहे’ हे म्हणणे तर खरेही नाही. एलिझाबेथ स्वीट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ महिलेने सीअर्स कंपनीच्या जुन्या कॅटलॉगांमधील जाहिराती तपासल्या. त्यात १९७५ साली सुमारे ७० टक्के खेळण्यांच्या जाहिरातींत मुलगा-मुलगी असा कोणताच संकेत नव्हता, असे त्यांना आढळले. लेगोने १९७४ मध्ये पालकांसाठी छापलेल्या पत्रकातही निर्मितीची ओढ मुलगा-मुलगी सर्वांत सारखीच असते, असे म्हटले होते. आजची काटेकोर विभागणी त्यानंतरच्या दशकांत वाढली.

‘गिऱ्हाइकाला भेट घेताना सोपे पडते’ या आक्षेपात मात्र तथ्य आहे, आणि ते मान्य करावे. भाचीसाठी काय घ्यावे हे न सुचलेला मामा पाटीच शोधत असतो. त्याला वयाची पाटी आणि खेळाच्या प्रकाराची पाटी मिळाली, तर त्याचे काम अधिक चांगले होते. दुकानदाराशी बोलताना ‘पाटी काढा’ म्हणण्याबरोबर ‘ही पाटी लावा’ हे सुचवणे त्यासाठीच आवश्यक आहे.

नियामक संस्थांकडे जाणे

जाहिरातीविरुद्धची तक्रार जाहिरात नियमन संस्थेकडे नेता येते. दुकानातील मांडणी साधारणपणे तिच्या कक्षेत येत नाही. ब्रिटनमध्ये १४ जून २०१९ पासून हानिकारक लिंगसाचे (स्त्रियांनी किंवा पुरुषांनी अमुकच करावे अशा ठरीव प्रतिमा) दाखवणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. स्पेनमध्ये खेळण्यांच्या जाहिरातींसाठीची नवी संहिता १ डिसेंबर २०२२ पासून लागू झाली, आणि भारतात जाहिरात मानक परिषदेने जून २०२२ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तक्रार करताना ‘यात मुलगी बाहुलीशी खेळते’ एवढेच लिहिले तर ती फेटाळली जाईल, कारण ते दाखवायला मनाई नाही. मुलग्याला त्या खेळातून हाकलून दिले आहे, हिणवले आहे, किंवा हे काम दुसऱ्या कोणाचे असूच शकत नाही असे सुचवले आहे, हे जाहिरातीतील नेमक्या शब्दांसह आणि दृश्यासह दाखवावे लागते. निकाल यायला वेळ लागतो, पण तो येतो. स्वीडनमध्ये २००८ च्या एका खेळण्यांच्या कॅटलॉगविरुद्ध शाळकरी मुलांनीच तक्रार केली होती; नियमन संस्थेने कंपनीवर ठपका ठेवला, आणि २०१२ च्या नाताळच्या कॅटलॉगात मुलगा बाहुलीसह आणि मुलगी खेळण्यातल्या बंदुकीसह दिसली.

पाटी उतरल्यानंतर

व्यवस्थापकाने पाटी काढली, की त्याच दिवशी आभाराचे पत्र पाठवावे आणि त्याची परवानगी घेऊन ते जाहीर करावे. शेजारच्या दुकानदाराला पटवताना या पत्राइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

त्यानंतर तीच मोजणी, त्याच फळीवर, त्याच तक्त्याने पुन्हा करावी. ‘लेट टॉइज बी टॉइज’च्या स्वयंसेवकांनी २०१२ च्या हंगामात दुकाने पाहिली तेव्हा निम्म्या ठिकाणी अशा पाट्या होत्या, वर्षभराने हे प्रमाण एक पंचमांशावर आले होते. पहिली मोजणी केलेली होती, म्हणूनच हा फरक सांगता आला. दुसऱ्या फेरीत पाटी गेली असली तरी रंगांच्या रांगा तशाच आहेत का, हे मुद्दाम पाहावे, कारण पाटी नसतानाही गुलाबी आणि निळ्या भिंती तिचेच काम करतात. मग पुढची मागणी रंगांची सरमिसळ करण्याची असेल. संकेतस्थळाची रचना बदलली किंवा व्यवस्थापकाची बदली झाली, की काढलेला फिल्टर आणि काढलेली पाटी परत येऊ शकते. यासाठी दर सहा महिन्यांनी एक मोजणी, आणि ती कोणी करायची याचे नाव, गटाच्या वहीत आधीच लिहून ठेवावे.